तांब्याच्या पत्र्याची वही

डच चित्रकार रेम्ब्रँटने १६५० साली एका शंखाचं चित्र केलं. चित्र तळहातावर मावेल एवढंच, जेमतेम १० सेंटिमीटर उंच आणि १३ सेंटिमीटर रुंद. गडद अंगावर पांढरे ठिपके असलेला, शंकूच्या आकाराचा एक शंख अंधारात आडवा पडला आहे, बाकी काही नाही. असे शंख पूर्वेकडच्या समुद्रांतून डच जहाजांबरोबर युरोपात जात आणि तिथले हौशी संग्राहक त्यांना चांगली किंमत देत. चित्र इतकं बारकाईने केलं आहे की शंखाची जात ओळखता येते. पण जाणकाराला एक गोष्ट लगेच खटकते. शंखाचे वेढे उलटे आहेत. आपल्याकडे अशा उलट वेढ्याच्या दुर्मीळ शंखाला ‘दक्षिणावर्ती’ म्हणून देवघरात जागा मिळते आणि बाजारात त्याचे वाटेल तेवढे पैसे मागतात. रेम्ब्रँटच्या समोर असला काही चमत्कार नव्हता. त्याचा शंख चारचौघांसारखाच होता.

कारण साधं आहे. हे चित्र कागदावर काढलेलं नाही. तांब्याच्या पत्र्यावर काढून मग कागदावर छापलेलं आहे, आणि छापताना डाव्याचं उजवं होतं. मूळ चित्र आरशात बघून पत्र्यावर उतरवलं की ठसा सुलटा येतो, ही युक्ती त्या काळच्या कारखान्यातल्या शिकाऊ पोरालाही ठाऊक असे. रेम्ब्रँटला तर नक्कीच होती, कारण त्याच चित्रात त्याची सही आणि साल आहे आणि ती अक्षरं सुलटी वाचता येतात. म्हणजे सही त्याने आठवणीने उलटी कोरली. शंख मात्र समोर दिसला तसा काढला. याचा मी लावतो तो अर्थ असा, की शंख काढताना तो छापून आल्यावर कसा दिसेल याची त्याला फिकीरच नव्हती. टेबलावर शंख, पुढ्यात पत्रा, हातात सुई. दुसरा एखादा चित्रकार वही उघडून बसला असता, हा पत्रा घेऊन बसला.

रेम्ब्रँट म्हटलं की आपल्याला त्याची मोठाली तैलचित्रं आठवतात. पण तैलचित्र ज्याने विकत घेतलं त्याच्या भिंतीवर राहतं. त्याच्या हयातीत त्याचं नाव हॉलंडबाहेर पोचलं ते मुख्यतः छापचित्रांमुळे. अशी सुमारे ३०० छापचित्रं त्याने केली, वयाच्या विशीपासून साठीच्या उंबरठ्यापर्यंत. चित्र छापायची कला युरोपात वाढली ती एकाच चित्राच्या पुष्कळ सारख्या प्रती स्वस्तात काढता याव्यात म्हणून. धर्मग्रंथातले प्रसंग, राजांचे चेहरे, नकाशे, प्रसिद्ध तैलचित्रांच्या नकला, सगळं याच वाटेने घरोघरी गेलं. रेम्ब्रँटने हे साधन नेमक्या उलट कामाला लावलं. प्रती काढण्याच्या यंत्रावर तो विचार करू लागला, खाडाखोड करू लागला, आणि पुढेपुढे तर एका ठशासारखा दुसरा येऊच नये अशी खटपट करू लागला.

हे कसं जमलं ते कळायला थोडी कारागिरी समजून घ्यावी लागेल. तांब्यावर चित्र काढायची जुनी प्रतिष्ठित पद्धत म्हणजे थेट कोरणं. ती सोनारांच्या कामातून आली. ब्युरिन नावाची टोकदार छिन्नी तळव्याने पुढे ढकलायची आणि तांब्याची बारीक तार उचलत रेघ पाडायची. वळण हवं असेल तर हत्यार वळवायचं नाही, उशीवर ठेवलेला पत्रा फिरवायचा. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने या पद्धतीत जे केलं त्याला तोड नाही, पण त्यासाठी अनेक वर्षांची तालीम आणि न थरथरणारा हात लागतो. अशा हत्याराने रस्त्यावरच्या भिकाऱ्याचं झटपट रेखाटन करणं अशक्य.

रेम्ब्रँटने हाती घेतली ती दुसरी पद्धत, एचिंग. घासून आरशासारख्या केलेल्या पत्र्यावर मेण, राळ आणि डांबर यांच्या मिश्रणाचा पातळ थर द्यायचा. थर थंड झाला की त्यावर सुईने चित्र काढायचं. सुई तांब्यात घुसत नाही, फक्त मेण खरवडते आणि खालचं तांबं उघडं पाडते. मेण मऊ असल्याने सुई कागदावरच्या टाकासारखी कुठेही वळते. मग पत्रा आम्लात सोडायचा. मेणाखालचं तांबं शाबूत राहतं, उघड्या रेघांमध्ये आम्ल शिरून चर पाडतं. जास्त वेळ ठेवलं तर रेघ खोल आणि काळी, लवकर काढलं तर नाजूक. मधेच बाहेर काढून काही रेघा लाखेने बुजवायच्या आणि बाकीच्या पुन्हा आम्लात सोडायच्या, म्हणजे एकाच चित्रात फिकी आणि गडद रेघ शेजारी शेजारी मिळते. थोडक्यात, कष्टाचा भाग आम्ल करतं आणि हात मोकळा राहतो.

छपाईचं तंत्र दोन्हीकडे सारखंच. पत्र्यावर दाट शाई चोळायची, ती चरांमध्ये बसते. वरची शाई आधी फडक्याने आणि मग तळहाताने पुसून घ्यायची. पत्र्यावर ओलसर कागद, कागदावर लोकरीचं जाड कापड, आणि हे सगळं लाकडी रुळांच्या मधून जाऊ द्यायचं. उसाच्या चरकात कांडं जातं तसा पत्रा या टोकाने आत जातो आणि त्या टोकाने बाहेर येतो. दाबामुळे कागद चरांत शिरतो आणि शाई उचलून आणतो. नंतर पत्र्यावर पुन्हा शाई, पुन्हा पुसणं, पुन्हा चरक. प्रत्येक ठशाला ही सगळी मेहनत नव्याने.

आता रोजच्या रेखाटनांकडे वळू. रेम्ब्रँटच्या मृत्यूनंतर दहा-अकरा वर्षांनी, १६८० साली, यान व्हान दे कापेले या चित्रकाराच्या मालमत्तेची यादी झाली. हा गृहस्थ समुद्राची चित्रं काढायचा, पण त्याचा खरा पैसा कापड रंगवण्याच्या धंद्यातला होता, आणि तो त्याने रेखाटनांवर उधळला होता. रेम्ब्रँटची सुमारे ५०० रेखाटनं त्याच्याकडे निघाली. त्यांतल्या एका बाडात १३५ रेखाटनं होती आणि यादी करणाऱ्याने त्याचा विषय लिहिला होता, बायका आणि मुलं. मूल पहिल्यांदा पाऊल टाकतं आहे आणि दोन बायका त्याला दोन्ही बाजूंनी धरून आहेत. हट्टाने हातपाय झाडणारं पोर, त्याला कसंबसं आवरणारी आई, आणि पोराच्या पायातला निसटलेला जोडा. ही रेखाटनं कुणी मागितलेली नव्हती. ती कुठल्या मोठ्या चित्राची तयारी म्हणूनही काढलेली नव्हती. रेम्ब्रँटने आपल्या रेखाटनांचे असे विषयवार गठ्ठे घरात बांधून ठेवले होते आणि वेळ येईल तसा त्यांत हात घालायचा.

एक उदाहरण मला फार आवडतं. सिंहलद्वीपात जन्मलेली हान्स्केन नावाची हत्तीण डच जहाजाने हॉलंडला नेली होती. तिचा मालक तिला गावोगाव फिरवून कसरती दाखवायचा. १६३७ साली रेम्ब्रँटने तिची काळ्या खडूने रेखाटनं केली. सोंडेच्या वळ्या, गुडघ्यांवरची सैल कातडी, डोळ्याभोवतीच्या सुरकुत्या, सगळं नुसत्या खडूच्या दाबातून. पुढल्याच वर्षी त्याने आदम आणि ईव्हचं छापचित्र केलं. स्वर्गीय बागेतले ते दोघं, ईव्हच्या हातात फळ, आणि मागे दूरवर उन्हात एक चिमुकला हत्ती चालला आहे. बाजारात बघितलेली हत्तीण बायबलच्या पहिल्या पानात जाऊन पोचली.

आणखी जवळचा विषय म्हणजे स्वतःचा चेहरा. १६३० साली, चोविशीत, त्याने आरशासमोर बसून तोंडं वेडीवाकडी केली आणि ती थेट पत्र्यावर काढली. डोळे विस्फारलेला, हसणारा, रागाने ओठ आवळलेला, कुणी ओरडल्यासारखा. हे पत्रे अगदी छोटे, काही तर चार-पाच सेंटिमीटरचेच. मॉडेलला पैसे द्यायला नकोत, आणि भावनेबरोबर चेहऱ्यावरचे स्नायू कसे हलतात याचा अभ्यास आयता होतो. त्याच वर्षी त्याने रस्त्याकडेला बसून हात पसरलेला एक भिकारी काढला. त्या भिकाऱ्याचं तोंड रेम्ब्रँटचंच आहे.

लग्न ठरल्यावर तिसऱ्या दिवशी, ८ जून १६३३ रोजी, त्याने आपल्या होणाऱ्या बायकोला, सास्कियाला, रुंद टोपी घालून बसवलं आणि चर्मपत्रावर चांदीच्या टोकाने तिचं चित्र काढलं. खाली तारीख आणि प्रसंग आपल्या हाताने लिहिला. चांदीच्या टोकाची रेघ पुसता येत नाही. तीन वर्षांनी तीच सास्किया तांब्याच्या पत्र्यावर येते, पण आता एका पत्र्यावर पाच-सहा डोकी विखुरलेली, कुठे सास्किया, कुठे डोक्याला फडकं बांधलेली दुसरी बाई. मधे मोकळी जागा आहे आणि काही डोकी अर्धवट सोडलेली आहेत. दुसऱ्या एका पत्र्यावर पत्रा फिरवून फिरवून वेगवेगळ्या दिशांनी चित्रं काढलेली दिसतात. आणखी एकावर झाड आहे आणि त्याला लागूनच मखमली टोपीतल्या रेम्ब्रँटच्या डोक्याचा फक्त वरचा भाग. झाडाचा आणि डोक्याचा संबंध काय? काही नाही. वहीच्या पानावर असतो तेवढाच.

नवल याचं आहे की हे पत्रे त्याने छापले आणि लोकांनी ते विकत घेतले. पक्कं चित्र सोडून चित्रकाराच्या हाताची हालचाल विकत घ्यावी, ही आवड त्या शतकात नवीन होती. अर्धवट हे पूर्ण कधी होतं, असं कुणी विचारलं तर चित्रकाराचा हेतू साधला की, असं रेम्ब्रँटचं म्हणणं असल्याचं सांगतात. त्याच्या पत्र्यांकडे पाहिलं तर ते पटतं.

साधारण १६४० पासून पुढची दहा-बारा वर्षं तो ॲम्स्टरडॅमच्या वेशीबाहेर हिंडत होता. गाव संपलं की कालवे, बांध, गवताची छपरं, पवनचक्क्या आणि वर अफाट आभाळ. या फेऱ्यांमधून त्याची निसर्गचित्रं आली, वहीतली आणि तांब्यावरची. काही पत्रे तो खिशात घालून नेत असणार, असं अभ्यासक मानतात. १६५२ सालच्या झाडीच्या एका चित्राचा पहिला ठसा पाहिला की शंका उरत नाही. त्यात झाडांच्या शेंड्यांच्या चार-दोन घाईच्या रेघा आहेत, बाकी सगळा कागद कोरा. दुसऱ्या अवस्थेत, म्हणजे पत्र्यात भर घालून काढलेल्या ठशांत, पानं भरली, सावली आली, सही आली. पहिलं काम जागेवरचं, दुसरं घरी येऊन केलेलं. त्याने वायव्येकडून काढलेलं ॲम्स्टरडॅमही शंखासारखंच उलटं छापलं गेलं आहे; गावातल्या माणसाला मनोरे चुकीच्या बाजूला दिसले असतील.

याच फेऱ्यांमधली एक आख्यायिका आहे. रेम्ब्रँट आपला श्रीमंत मित्र यान सिक्स याच्या खेड्यातल्या घरी जेवायला बसला. मोहरीची चटणी नाही म्हणून नोकराला गावात पिटाळलं. नोकर सुस्त होता. रेम्ब्रँटने पैज मारली की हा परत यायच्या आत मी एक पत्रा पुरा करतो, आणि खिडकीतून दिसणारा पूल काढून पैज जिंकली. ही गोष्ट जेरसँ या पॅरिसच्या चित्रविक्रेत्याने केलेल्या यादीत आहे. ती यादी छापली गेली १७५१ साली, म्हणजे रेम्ब्रँट जाऊन ८० वर्षं उलटल्यावर. गोष्टीवर विश्वास ठेवायची सक्ती नाही. पण १६४५ सालचं ते छापचित्र समोर ठेवा. पूल, कठड्याला टेकलेली दोन माणसं, दोन बारकी झाडं, शिडाची नाव. छाया जवळजवळ नाही, रेघेवर रेघ नाही. गोष्ट रचणाऱ्याला ती सुचली ती या रेघांमधूनच.

इथपर्यंतचा रेम्ब्रँट हा पत्र्यावर वही करणारा चित्रकार. साधारण १६४७ पासून तो छपाईच्याच मागे लागला, आणि माझ्या मते त्याची खरी थोरवी इथे आहे.

सुरुवात कागदापासून. युरोपातला कागद सुती-तागी चिंध्यांचा, पांढरट आणि जरा खरबरीत. त्या काळात जपानशी व्यापार करायची मुभा युरोपीयांपैकी फक्त डचांना होती आणि तोही नागासाकीजवळच्या देजिमा या छोट्याशा बेटावरून. तिथून जो माल यायचा त्यात थोडा कागदही असे. हा कागद झाडाच्या सालीच्या तंतूंचा, गुळगुळीत, उबदार पिवळसर रंगाचा आणि अतिशय चिवट. रेम्ब्रँटने तो छपाईला लावला. शाई त्यात फार शोषली जात नाही, वर तरंगल्यासारखी राहते. काळा रंग मखमली दिसतो आणि कागदाचा पिवळेपणा चित्रात दिव्याच्या उजेडाचं काम करतो. कधी तो चर्मपत्र वापरी. त्यावर शाई पसरते आणि रेघ धूसर होते. कधी भरड करडा कागद. तोच पत्रा, कागद निराळा, आणि प्रसंगाची वेळ सकाळची संध्याकाळ झालेली.

दुसरा प्रयोग शाई पुसण्याचा. चांगला छपाईवाला पत्र्याचा कोरा भाग लख्ख पुसतो. रेम्ब्रँट मुद्दाम कमी पुसू लागला. येशूला थडग्यात ठेवण्याचं १६५४च्या सुमाराचं चित्र घ्या. काही ठशांत गुहेच्या भिंती, कमानी, वाकलेली माणसं स्वच्छ दिसतात. काही ठशांत पत्र्यावर शाईचा इतका थर ठेवला आहे की सगळं काळोखात बुडतं आणि फक्त मृत देहाच्या आसपास जरासा उजेड उरतो. तो उजेड त्या जागी फडकं फिरवून मिळवलेला. अशी दोन कामं हुबेहूब सारखी करताच येत नाहीत. इथे छपाई जवळजवळ रंगकाम झाली.

तिसरं साधन ड्रायपॉइंट. यात मेण नाही, आम्ल नाही; टोकदार सुईने थेट तांब्यावर ओरखडायचं. नांगराच्या तासाला जशी माती कडेला उचलली जाते, तसं तांबं चिरताना रेघेच्या काठाला धातूची बारीक खरखरीत कड उभी राहते. तिला बर म्हणतात. व्यवस्थित कोरणारे कारागीर ही बर खरवडून टाकत, कारण ती शाई धरून ठेवते आणि रेघ मळकट होते. रेम्ब्रँटला ती मळकट, दाट, मऊ रेघच हवी होती. अडचण एवढीच की चरकाच्या दाबाने बर झिजते. पहिल्या काही ठशांत जे मखमली काळं मिळतं ते काही डझन प्रतींनंतर गेलेलं असतं. ज्याला धंदा करायचा आहे तो या वाटेला जाणार नाही. पण १६५०च्या दशकात रेम्ब्रँटने आपले दोन खूप मोठे पत्रे मुख्यतः ड्रायपॉइंटमध्ये केले.

त्यांतला पहिला ‘तीन क्रूस’, १६५३ सालचा. उंची ३८ सेंटिमीटरच्या वर, रुंदी ४५च्या आसपास. मधे येशू, दोन्ही बाजूंना चोर, खाली सैनिक, रडणाऱ्या बायका, गुडघ्यांवर पडलेला शतकाधिपती, आणि वरून कोसळणारा उजेडाचा झोत. पहिल्या तीन अवस्थांत चित्र थोडं थोडं बदललं. छापता छापता बर झिजली. दुसऱ्याने त्याच रेघा पुन्हा गिरवून पत्रा ताजा केला असता. रेम्ब्रँटने पत्रा हाती घेतला आणि त्याची मोडतोड केली. कित्येक माणसं घासून नाहीशी केली. काहींच्या अंगावरून सरळ उभ्या रेघा ओढल्या. एका बाजूचा चोर जवळजवळ अंधारात गेला. उंच टोपीचा एक घोडेस्वार नव्याने आला, आणि हा स्वार इटलीतल्या पिसानेल्लोने दोनशे वर्षांपूर्वी घडवलेल्या एका पदकावरून उचललेला आहे. आधीच्या चित्रात गर्दीतल्या प्रत्येकाची काही हकिगत होती. चौथ्या अवस्थेत हकिगत संपली, ग्रहणासारखा काळोख आणि त्यात एकटा येशू उरला. दोन्ही एकाच पत्र्याचे ठसे आहेत हे सांगितल्याशिवाय कळत नाही.

दुसरा पत्रा १६५५चा, येशूला लोकांपुढे उभं करण्याचा प्रसंग. हा तर इतका मोठा होता की जपानी कागद अपुरा पडला आणि वर पट्टी चिकटवावी लागली. पुढे पत्र्याचाच वरचा भाग कापून टाकला. या चित्राच्या आठ अवस्था सांगतात. सुरुवातीला चौथऱ्याखाली लोकांची दाटी आहे. पुढच्या अवस्थांत ती सबंध गर्दी त्याने घासून काढली आणि त्या जागी दोन काळ्या कमानी केल्या. गर्दी गेल्यावर चौथऱ्यासमोर उभं कोण राहतं? चित्र बघणारा. हे त्याने ठरवून केलं की घासता घासता सुचलं, ते कोण सांगणार. तांब्यावर खोडायचं म्हणजे खरवडायचं, ठोकून सपाट करायचं, घासून चकचकीत करायचं. हे काम कंटाळवाणं आणि तासन्‌तास चालणारं. एवढ्या कष्टाने माणूस नुसती चूक दुरुस्त करत नाही.

त्याने दुसऱ्याचा पत्राही असाच वापरला. हेर्क्युलेस सेगेर्स हा त्याच्या आधीच्या पिढीतला विक्षिप्त छापचित्रकार. रंगीत शाई, रंगवलेला कागद, कधी चक्क कापड, असे त्याचे उद्योग असत आणि त्याचेही दोन ठसे सारखे नसत. रेम्ब्रँटकडे त्याची आठ तैलचित्रं होती आणि एक वापरलेला पत्राही त्याने मिळवला होता. त्यावर तोबियास आणि देवदूत यांची मोठी आकृती होती. रेम्ब्रँटने दोघांना खरवडून काढलं, तिथे गर्द झाडी केली आणि इजिप्तला पळून जाणारं मेरीचं कुटुंब छोटंसं करून बसवलं. मागचा देखावा सेगेर्सचाच ठेवला. झाडीत नीट पाहिलं तर देवदूताच्या पंखाची कड अजून दिसते.

या सगळ्यावर पुढे टीकाही झाली. रेम्ब्रँटच्या शिष्याचा शिष्य असलेल्या हाउब्राकेनने १७१८ साली लिहिलं की हा सगळा पैसे काढायचा डाव होता. किरकोळ फरक करायचा आणि तोच पत्रा नवा म्हणून विकायचा. ज्युनो मुकुटासह आणि मुकुटाशिवाय, जोसेफ गोऱ्या तोंडाचा आणि सावळ्या तोंडाचा, आणि हौशी लोकांना दोन्ही हवेतच. आरोपात तथ्य आहे. रेम्ब्रँटला पैशाची चणचण कायम होती, आणि संग्राहकांच्या हावेचा फायदा त्याने घेतला नसेल असं मला वाटत नाही. पण मुकुट घालायला पाच मिनिटं पुरतात. ‘तीन क्रूस’ची चौथी अवस्था हा बाजाराचा हिशेब नाही, कारण विकायला तर पहिलीच सोपी होती.

१६५६ साली, म्हणजे शिवाजी महाराजांनी जावळी घेतली त्या वर्षी, रेम्ब्रँटचं दिवाळं निघालं. १६३९ साली १३,००० गिल्डरला घेतलेल्या घराचं कर्ज फिटलं नव्हतं आणि हा गडी लिलावांत चित्रं, शिंपले, चिलखतं, पुतळे घेत सुटला होता. सरकारी कारकुनांनी घरातल्या सामानाची ३६३ नोंदींची यादी केली. रेखाटनांची बाडं त्यात आहेत, शंख-शिंपले आहेत, आणि नवलाईच्या लघुचित्रांच्या एका पुस्तकाचाही उल्लेख आहे.

लघुचित्रांची गोष्ट आपल्या जवळची. डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेत होती आणि तिथून मुघल चित्रं ॲम्स्टरडॅमला पोचत. १६५६ ते १६६१च्या दरम्यान रेम्ब्रँटने मुघल चित्रांवरून रेखाटनं केली. त्यांतली २३ आज शिल्लक आहेत. जहांगीर, अकबर, घोड्यावरचा सरदार, आणि शाहजहान, जो त्या वेळी हयात होता. अनोळखी गोष्टी भराभर आपल्याशा करणारा हा माणूस इथे शाळकरी मुलासारखा हळू झाला आहे. जामा, पायजम्याच्या चुण्या, पगडीचा पेच, मोजडीचं टोक, सगळं बारीक रेघेत, आणि तेही महागड्या जपानी कागदावर, दिवाळखोरीच्या दिवसांत. एका चित्रात झाडाखाली चार मुस्लिम विद्वान गोलाकार बसले आहेत. पुढ्यात पेले आहेत. याच मांडणीवर त्याने १६५६ सालचं ‘अब्राहम आणि देवदूत’ हे छापचित्र बेतलं. दारी आलेले पाहुणे जमिनीवर अंथरूण घालून, भारतीय बैठक मारून बसलेले. युरोपातल्या इतर चित्रकारांनी या प्रसंगात टेबल-खुर्च्या मांडल्या होत्या. पूर्वेकडच्या माणसांच्या घरी जेवायला कसं बसतात ते रेम्ब्रँटने मुघल चित्रकाराकडून शिकून घेतलं. ज्या मुघल चित्रावरून त्याने नक्कल केली ते पुढे व्हिएन्नाच्या शोनब्रुन राजवाड्यात, एका दालनाच्या भिंतीवर इतर भारतीय चित्रांबरोबर जडवलं गेलं.

१६६० नंतर त्याने छापचित्रं जवळजवळ थांबवली. १६६५ साली लायडनच्या एका प्रकाशकाला दिवंगत प्राध्यापक व्हान डर लिंडेन यांचं चित्र पुस्तकात छापायचं होतं. प्रकाशकाला कोरीव पत्रा हवा होता, कारण एचिंगचा पत्रा लवकर झिजतो आणि पुस्तकाला शेकडो प्रती लागतात. रेम्ब्रँटचा मुलगा टिटस याने छातीठोक सांगितलं की माझे वडील कोरीवकामही उत्तम करतात. काम मिळालं. वडिलांनी मात्र नेहमीप्रमाणे एचिंग आणि ड्रायपॉइंट वापरून चित्र केलं. अशा पत्र्यातून पुस्तकापुरत्या प्रती निघणं शक्य नव्हतं. पुस्तक त्या चित्राशिवाय बाहेर पडलं. हे त्याचं शेवटचं छापचित्र.

पत्रे मात्र मागे उरले. क्लेमेंट दे योंगे या विक्रेत्याच्या १६७९च्या यादीत रेम्ब्रँटचे ७४ पत्रे आहेत. पुढे ते हातोहाती पॅरिसला गेले आणि विसाव्या शतकापर्यंत त्यांवरून छपाई होत राहिली. रेघा बुजल्या की नवा मालक त्या गिरवून घ्यायचा. सर्वांत प्रसिद्ध अशा ‘शंभर गिल्डर’ या चित्राचा झिजलेला पत्रा कॅप्टन बेली नावाच्या आयरिश माणसाने अठराव्या शतकात विकत घेतला, दुरुस्त केला, शंभर ठसे काढले आणि मग त्याचे कापून चार तुकडे केले. म्हणून ‘अस्सल रेम्ब्रँट’ म्हणून विकायला येणारा ठसा त्याच्या हयातीतला आहे की दोनशे वर्षांनंतरचा, हे कागद आणि बर पाहिल्याशिवाय सांगता येत नाही, आणि दोघांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

ॲम्स्टरडॅमला जाणं झालं तर त्याच्या योडेनब्रेस्ट्राटवरच्या घरात आता संग्रहालय आहे आणि तिथे पत्र्यावरून ठसा काढून दाखवतात. नाही झालं तरी अडत नाही. राइक्स म्युझियम आणि ब्रिटिश म्युझियम या दोघांनी आपल्याकडचे ठसे संकेतस्थळावर मोठ्या आकारात फुकट बघायला ठेवले आहेत. मोबाइलवर बघू नका, रेघ कळत नाही. संगणकाच्या पडद्यावर ‘तीन क्रूस’ची पहिली आणि चौथी अवस्था शेजारी शेजारी उघडा आणि कोण कोण नाहीसं झालं ते एकेक करून शोधा.